आधी पंचनामा, मग अंदाज

या पुस्तकात एक नकाशा पुन्हा पुन्हा भेटतो. नकाशा युरोपचा आहे. त्यावर समभार रेषा नाहीत, सूर्य-ढगांची चित्रं नाहीत. दोन वळणदार रेषा आहेत: बाहेरच्या रेषेच्या आत विजा होण्याची शक्यता १५ टक्के, आतल्या रेषेच्या आत ५० टक्के. त्यातच कुठेतरी, बव्हेरियावर म्हणा किंवा उत्तर इटलीवर, एक तुकडा वेगळा काढलेला असतो आणि त्यावर १, २ किंवा ३ असा धोक्याचा आकडा. खाली काही परिच्छेदांचं टिपण आणि लिहिणाऱ्याचं नाव. मुदत जागतिक वेळेनुसार सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत.

हा नकाशा काढणारी मंडळी ‘एस्टोफेक्स’ या नावाने ओळखली जातात. २००२ मध्ये हवामानशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी आणि तरुण अभ्यासकांनी हा उद्योग सुरू केला. पगार नाही, नोकरी किंवा प्रबंध सांभाळून उपग्रहांची चित्रं आणि मॉडेलचे नकाशे चाळायचे आणि उद्या वादळ कुठे होईल ते आपल्या नावानिशी लिहून टाकायचं. ‘तीव्र’ कशाला म्हणायचं हे त्यांनी आधीच बांधून घेतलं. गार दोन सेंटिमीटरची किंवा मोठी, वाऱ्याचा झोत सेकंदाला २५ मीटर म्हणजे ताशी ९० किलोमीटर किंवा जास्त, टोर्नेडो, नाहीतर थोड्या वेळात कोसळणारा प्रचंड पाऊस. गार पाच सेंटिमीटरची झाली की प्रकरण ‘अतितीव्र’. व्याख्या आदल्या रात्रीच ठरलेली असली की दुसऱ्या दिवशी पळवाट उरत नाही.

नावानिशी लिहिलेला अंदाज आणि दुसऱ्या दिवशीचा हिशेब यांचं नातं हाच माझ्या मते या पुस्तकाचा खरा विषय आहे. लेखकाने मॉडेल आणि रडार यांना भरपूर पानं दिली आहेत, ती द्यायलाच हवीत. मी मात्र इथे थोडी बाजू घेणार आहे ती गारा मोजणाऱ्यांची.

मोजणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. १३ जुलै १७८८ रोजी फ्रान्सवर झालेली गारपीट इतिहासाच्या पुस्तकांत क्रांतीच्या आदल्या वर्षीचं अरिष्ट म्हणून येते: कापणीला आलेलं पीक आडवं झालं, पुढे धान्य टंचाई आणि पावाची महागाई. हवामानाच्या अभ्यासकाला त्याहून मोलाचा वाटतो तो नंतरचा खटाटोप. विज्ञान अकादमीच्या वतीने ल र्वा, ब्युआश आणि तेसिए यांनी गावोगावची माहिती गोळा केली आणि नकाशा काढला. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, लुआर नदीच्या प्रदेशापासून हॉलंडच्या दिशेने गेलेले गारांचे दोन समांतर पट्टे. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निव्वळ पाऊस. तारायंत्र यायला अजून अर्धशतक होतं, रडारची तर गोष्टच नको. तरीही आजचा अंदाज वर्तवणारा तो नकाशा पाहताच सांगेल की ही दुपारच्या ढगांची विखुरलेली गडबड नव्हती. तासन्‌तास जिवंत राहून शेकडो किलोमीटर कापणारी वादळं होती. पंचनामा नीट झाला असेल तर सव्वादोनशे वर्षांनीही त्यातून असं काही निघतं.

उलटं उदाहरण १९८४ च्या उन्हाळ्याचं. ९ जूनला सोव्हिएत रशियातल्या इव्हानोव्हो परिसरात भीषण टोर्नेडो झाले. सरकारी माध्यमांनी ते दडपलं. महिन्याभराने, १२ जुलैच्या संध्याकाळी, म्युनिकवर साडेनऊ सेंटिमीटरपर्यंतच्या गारा पडल्या. सुमारे ४०० माणसं जखमी, नुकसान तीन अब्ज मार्कांच्या घरात. रीम विमानतळावर उभी असलेली विमानंही सुटली नाहीत. जगातली एक फार मोठी पुनर्विमा कंपनी त्याच शहरात असल्यामुळे छपरं, गाड्या, काचा यांचा हिशेब बारकाईने झाला आणि गारपिटीच्या जोखमीचा अभ्यास युरोपात त्यानंतरच जोमाने सुरू झाला. इव्हानोव्होचे आकडे मात्र अभ्यासकांना आजही तुकड्या-तुकड्यांतून जुळवावे लागतात.

आता गारेकडे वळू. ढगाच्या वरच्या भागात, साधारण उणे दहा ते उणे तीस अंशांच्या पट्ट्यात, पाण्याचे असंख्य थेंब गोठायच्या तापमानाखालीही पाणीच राहिलेले असतात. बर्फाचा एखादा कण त्यांच्यात शिरला की थेंब त्याच्यावर आदळून गोठतात आणि कण फुगत जातो. प्रश्न असतो तो त्याला तिथे पेलून धरण्याचा. पाच सेंटिमीटरची गार ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येते, दहा सेंटिमीटरची दीडशेच्या आसपास. तेव्हा खालून वर उसळणारी हवाही त्याच तोडीची हवी. हवेच्या या उसळीची ताकद ‘केप’ नावाच्या राशीने मोजतात. किलोमागे २५०० ज्यूल केप असेल तर वर उसळणाऱ्या या झोताचा वेग कागदावर सेकंदाला ७० मीटर निघतो. प्रत्यक्षात वाटेतल्या मिसळणीमुळे आणि पाण्याच्या ओझ्यामुळे त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं की गार ढगात वर-खाली फेऱ्या मारते आणि कापल्यावर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते त्या फेऱ्यांचे. हे चित्र आता मागे पडलं आहे. पापुद्रे पडतात ते पाणी कसं गोठलं यावरून. सावकाश गोठलं तर थर पारदर्शक होतो. झटकन गोठलं तर हवेचे बुडबुडे अडकून पांढुरका. मोठी गार बहुतेक वेळा एकाच लांबच्या प्रवासात वाढते: झोताच्या एका कडेने आत शिरते, तो ओलांडता ओलांडता जाड होते आणि पलीकडे पडते. त्यामुळे झोत नुसता जोरकस असून भागत नाही, तो रुंदही हवा आणि वीस-पंचवीस मिनिटं तरी टिकला पाहिजे.

टिकतो तो वाऱ्यांतल्या फरकामुळे. आपल्याकडचा वळीव आठवा. ढग जागच्या जागी चढतो, स्वतःच्याच पावसाने आपला झोत विझवतो आणि तासाभरात विरून जातो. पण जमिनीलगत आग्नेयेचा मंद वारा आणि सहा किलोमीटर उंचीवर नैर्ऋत्येचा सुसाट वारा असेल, दोहोंत सेकंदाला वीस मीटरचा फरक असेल, तर पाऊस झोतापासून दूर पडतो, झोत तिरका होतो आणि स्वतःभोवती फिरू लागतो. अशा वादळाला सुपरसेल म्हणतात. हा शब्द कीथ ब्राउनिंग यांनी रूढ केला, आणि त्यामागे होता ९ जुलै १९५९ रोजी इंग्लंडमधल्या वोकिंगहॅमवरून गेलेल्या गारांच्या वादळाचा त्यांनी व फ्रँक लडलम यांनी केलेला अभ्यास. युरोपात सुपरसेल होतच नाहीत, ती अमेरिकेच्या मैदानांतली भानगड आहे, असं पुढेही बरीच वर्षं अनेकांना वाटत राहिलं. शब्द मात्र इंग्लंडच्या गारांतून आला होता!

युरोपची भौगोलिक बाजू लेखकाने तिसऱ्या प्रकरणात फार छान उलगडली आहे, म्हणून मी दोनच गोष्टींचा उल्लेख करतो. एक, स्पेनचं तापलेलं पठार. तिथली कोरडी, गरम हवा उत्तरेला सरकते आणि फ्रान्सवर पोहोचते तेव्हा खालच्या दमट हवेच्या वर झाकण म्हणून बसते. झाकणाखाली उष्णता आणि बाष्प साठत राहतं. अटलांटिककडून थंड हवेची आघाडी आली की झाकण उडतं आणि दिवसभर साठलेलं सगळं एका संध्याकाळी मोकळं होतं. दुसरी, पो नदीचं खोरं. पूर्वेला उबदार एड्रियाटिक समुद्र, खोऱ्यात पाण्याने भिजलेली शेतं, उत्तरेला आल्प्सची भिंत आणि डोक्यावरून जाणारा नैर्ऋत्येचा वेगवान प्रवाह. मोठ्या गारेला लागणारं सगळं सामान इथे एकत्र येतं. १९ जुलै २०२३ रोजी कारमिन्यानो दि ब्रेंता इथे १६ सेंटिमीटरची गार नोंदली गेली. तो युरोपचा विक्रम ठरला. तो पाच दिवस टिकला. २४ जुलैला फ्रिउलीतल्या अझानो देचिमो गावात पडलेल्या गारेचा व्यास १९ सेंटिमीटर ठरवण्यात आला. त्याच दिवशी मिलानहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका प्रवासी विमानाचं नाक गारांनी फोडलं आणि ते रोमला उतरवावं लागलं. जगातली मोजलेली सर्वांत मोठ्या व्यासाची गार २३ जुलै २०१० रोजी साउथ डकोटातल्या व्हिव्हियन इथे पडली, २० सेंटिमीटरची. अझानोची गार तिच्यापेक्षा बोटभरही कमी नाही.

स्पेनहून येणाऱ्या गरम हवेचं ते झाकण म्हणजे अंदाज वर्तवणाऱ्याची खरी परीक्षा. ते नसलं तर सकाळपासून चिल्लर ढग होत राहतात आणि ताकद वाया जाते. फार घट्ट असलं तर संध्याकाळपर्यंत आकाश निरभ्र राहतं. दोन्ही दिवशी केप सारखाच असू शकतो, वाऱ्यांतला फरकही सारखाच. ३ आकडा रंगवलेल्या प्रदेशात लोक रात्री अंगणात जेवत बसलेले, असंही घडतं. पॅरिस किंवा ब्रुसेल्समधून फोन येतो, ‘कुठे आहे तुमचं वादळ?’

म्हणून भाषा शक्यतेची. पन्नासच्या वर वेळा, सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून, इंग्लंडमधल्या रेडिंगचं युरोपीय हवामान केंद्र एकाच काळाचा अंदाज चालवतं आणि त्यातले किती धागे वादळाकडे जातात ते पाहतं. जर्मनीचं दोन किलोमीटरच्या आसपासच्या जाळीचं मॉडेल आणि फ्रान्सचं १.३ किलोमीटरचं ‘आरोम’ वादळं थेट आपल्या पडद्यावर उभी करतात. ती इतकी खरीखुरी दिसतात की नवख्याला भुरळ पडते. मॉडेलने सायंकाळी पाचला स्टुटगार्टवर दाखवलेलं सुपरसेल सात वाजता न्यूरेंबर्गवर आलं तर वैज्ञानिक म्हणतो, अंदाज उत्तम होता. स्टुटगार्टचा माळी काय म्हणत असेल, याची कल्पना करावी.

शक्यतेचा हिशेब कसा फसवू शकतो याचं सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेचं आहे, आणि लेखकाने ते तळटीपेत टाकलं आहे. माझ्या मते ते पहिल्या प्रकरणात हवं होतं. १८८४ मध्ये लष्कराच्या सिग्नल कोअरमधल्या जॉन पार्क फिनली यांनी टोर्नेडो होणार की नाही असे अंदाज द्यायला सुरुवात केली. २८०३ अंदाजांपैकी ९६.६ टक्के बरोबर आले. कौतुक झालं. मग कुणीतरी दाखवून दिलं की फिनली रोज डोळे मिटून ‘टोर्नेडो होणार नाही’ एवढंच म्हणाले असते तर ९८.२ टक्के बरोबर आले असते. त्यांनी १०० वेळा ‘होणार’ म्हटलं, त्यातले २८ झाले. आणि २३ टोर्नेडो न सांगता आले. दुर्मीळ गोष्टीचा अंदाज टक्केवारीवर तोलायचा नसतो, हे शास्त्राला या आकड्यांनी शिकवलं. पुढे अमेरिकेच्या हवामान खात्याने लोक घाबरतील म्हणून ‘टोर्नेडो’ हा शब्दच अंदाजांतून हद्दपार केला. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमाच्या टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा इशारा दिला आणि संध्याकाळी तो त्याच तळावर आला. त्यानंतर ती बंदी फार काळ तग धरू शकली नाही. आज ओक्लाहोमातल्याच नॉर्मन शहरातलं एकच केंद्र अख्ख्या देशासाठी असे अंदाज देतं.

युरोपात एकच केंद्र नाही. देशागणिक हवामान खातं, देशागणिक भाषा, इशाऱ्याची मर्यादा ज्याची त्याची. २००७ पासून ‘मेटिओअलार्म’ने पिवळा-नारिंगी-लाल असे रंग सगळीकडे सारखे केले, पण सरहद्दीच्या अलीकडे नारिंगी आणि पलीकडे पिवळा असं दृश्य तेव्हाही दिसायचं, आताही दिसतं. वादळ स्वित्झर्लंडमध्ये जन्माला येऊन जर्मनीत तारुण्यात येतं आणि ऑस्ट्रियात मरतं. त्याचा जन्मदाखला एका दप्तरात, मृत्यूचा दाखला दुसऱ्यात.

ही दप्तरं एकत्र आणण्याचं श्रेय निकोलाय डोत्सेक यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्यांनी उभ्या केलेल्या युरोपियन सिव्हिअर स्टॉर्म्स लॅबोरेटरीने २००६ पासून संपूर्ण खंडाचा एक नोंदसंग्रह चालवला आहे. तिथे प्रत्येक नोंदीला दर्जा असतो: नुसती आलेली, संभाव्य वाटणारी, खात्री झालेली, पूर्ण तपासलेली. डोत्सेक २०१० मध्ये अकाली गेले, काम थांबलं नाही. २०१२ पासून ऑस्ट्रियातल्या वीनर नॉयश्टाट इथे उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांचे अंदाज वर्तवणारे एकत्र बसतात, नवी साधनं वापरून अंदाज काढतात आणि दुसऱ्या सकाळी त्याच टेबलावर त्या नोंदी उघडून आपण कुठे चुकलो ते पाहतात.

गार मोजणं ही मुळात कटकट आहे. पर्जन्यमापकात ती वितळून पाऊस होऊन जाते. रडारला मोठी गार आणि मुसळधार पाऊस यांत फरक करायला दोन दिशांनी कंपणाऱ्या लहरी लागतात, आणि तरीही आकार नेमका सांगता येत नाही. फ्रान्स-इटलीत पॉलिस्टायरिनच्या पाट्या उघड्यावर ठेवतात आणि गारांनी पाडलेले खळगे नंतर मोजतात. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याच्या मोबाइल ॲपवर माणसं आपल्या बाल्कनीतून नोंद करतात: कॉफीच्या बीएवढी, एक फ्रँकच्या नाण्याएवढी, पाच फ्रँकच्या नाण्याएवढी, गोल्फच्या चेंडूएवढी. हे भाबडं वाटतं, पण रडारच्या अनुमानाला पडताळा घ्यायला याहून दाट जाळं कुणी उभारलेलं नाही. मोजायला वेळही थोडाच असतो. ३० ऑगस्ट २०२२ रोजी कॅटलोनियातल्या ला बिस्बाल द’एम्पोर्दा गावात दहा सेंटिमीटरच्या घरातल्या गारा पडल्या तो प्रकार काही मिनिटांचा होता. त्यात वीस महिन्यांचं एक मूल गेलं.

मोजल्याशिवाय उपाय शोधला की काय होतं, याची गंमत हवी असेल तर गारांच्या तोफांचं प्रकरण वाचा. १८९६ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातल्या एका द्राक्षप्रधान गावाचे महापौर आल्बर्ट श्टिगर यांनी ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. त्या वर्षी गारा कमी पडल्या. बस्स, पाच वर्षांत उत्तर इटलीत हजारो तोफा उभ्या राहिल्या, परिषदा भरल्या. पुढे सरकारी देखरेखीखाली रीतसर चाचणी झाली तेव्हा तोफांच्या छायेतली शेतंही बाकीच्यांसारखीच झोडपली गेली. तोफा अजून विकल्या जातात. हिमाचलच्या सफरचंदांच्या बागांतही त्या पोहोचल्या आहेत.

तापमानवाढीवरचं प्रकरण जपून लिहिलेलं आहे आणि तसंच वाचावं. हवा तापली की बाष्प वाढतं, झोताला बळ मिळतं. पण गोठणपातळीही वर सरकते आणि बारीक गारा वाटेतच वितळतात. उरतात त्या मोठ्या. उत्तर इटलीत मोठ्या गारांना पोषक परिस्थिती वाढल्याचं अभ्यास दाखवतात. वाऱ्यांतल्या फरकाचं पुढे काय होईल याबाबत मॉडेलांचं एकमत नाही, आणि लेखकाने ते तसंच सांगितलं आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही, फक्त आपली मोजणी वेगळ्या कारणासाठी होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र झोडपला गेला तेव्हा तलाठ्यांनी हेक्टर लिहिले, गहू-हरभरा-द्राक्ष लिहिलं. गारेचा आकार लिहायला फॉर्मात रकाना नव्हता. जगातल्या सर्वांत जीवघेण्या गारपिटीची नोंद याच उपखंडातली आहे: ३० एप्रिल १८८८, मुरादाबाद, २४६ मृत्यू. सर्वांत जड गारही इथलीच, १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातल्या गोपाळगंजची, एक किलोहून थोडी अधिक. तरी युरोपसारखा गाववार नोंदसंग्रह आपल्याकडे नाही. बोराएवढी, लिंबाएवढी, आवळ्याएवढी ही आपली मापं वाईट नाहीत. ती कुठेतरी तारीख-वेळेसह साठली पाहिजेत.

या पुस्तकाबद्दल दोन तक्रारी. निर्देशांकांचं पाचवं प्रकरण अभ्यासकालाच पेलेल. बाकीच्यांनी ते ओलांडून पुढे जावं, काही बिघडत नाही. आणि चुकलेले अंदाज आणखी हवे होते, विशेषतः निरभ्र राहिलेल्या दिवसांचे. परिशिष्टात मात्र लेखकाने एका पानात गार कशी मोजावी ते दिलं आहे: सर्वांत लांब बाजू मोजा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, पट्टी नसेल तर नाणं ठेवा, तळहातावर ठेवलेल्या गारेचा आकार नंतर कुणालाच ठरवता येत नाही, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि वेळ लिहून ठेवा. वादळ डोक्यावर असताना बाहेर जाऊ नका, असंही तिथेच लिहिलं आहे. ते पान वाचून मग पहिल्या प्रकरणाकडे आलात तरी चालेल.